भूत कुणाला दिसतं? : शोकांतिकेतलं भूत वर्गात शिकवताना



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की शाळेत नाटकाची निवड सुरू होते. आमच्या नववीच्या वर्गाने शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधला मेजवानीचा प्रवेश निवडला, तेव्हा दोन दिवसांत मला दोन पालकांचे फोन आले. पहिले एक वडील. ते म्हणाले, “बाई, तुम्हीच वर्गात अंधश्रद्धा निर्मूलन शिकवता आणि तुम्हीच मुलांकडून भुताचं नाटक बसवता?” दुसऱ्या एक आई. त्यांचं म्हणणं अगदी उलट होतं. “माझ्या मुलाला मेलेल्या माणसाचं काम देऊ नका हो. घरी आजींना आवडणार नाही. असलं काही तोंडावर घेऊ नये.”

एकाला वाटतं भूत नसतं म्हणून ते दाखवू नये, दुसऱ्याला वाटतं भूत असतं म्हणून ते दाखवू नये. गंमत बघा, दोघांचाही प्रश्न एकच आहे, ‘भूत असतं की नसतं?’ मला वाटतं, नाटकाच्या तासाला आपण हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायला हवा. रंगमंचावर भूत आलं की विचारायचा प्रश्न वेगळा असतो. ते कुणाला दिसतं आणि कुणाला दिसत नाही? या एका प्रश्नाच्या आधाराने अख्खी शोकांतिका उलगडता येते. ती कशी, हेच आजच्या लेखात बघू.

आधी आगरकरांची आठवण

ज्या वडिलांना अंधश्रद्धेची काळजी वाटत होती, त्यांना मी गोपाळ गणेश आगरकरांचं नाव सांगितलं. महाराष्ट्रात बुद्धिवाद म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत आगरकर येतात. ‘सुधारक’ काढणारे, रूढींवर तुटून पडणारे, त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहणारे आगरकर. याच आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं. नाव ‘विकारविलसित’, साल १८८३. आदल्या वर्षी कोल्हापूर प्रकरणात त्यांना आणि टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले होते. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं आणि गणपतराव जोशी यांची त्यातली भूमिका मराठी रंगभूमीच्या इतिहासात जाऊन बसली.

आता ‘हॅम्लेट’ची सुरुवातच भुतापासून होते. मध्यरात्र, किल्ल्याचा तट, पहारेकरी आणि मेलेल्या राजाचं भूत. महाराष्ट्रातल्या पक्क्या बुद्धिवाद्याला हे नाटक मराठीत आणावंसं वाटलं. नावही कसं दिलं पाहा, विकारांचा खेळ या अर्थाचं. म्हणजे बघायचं आहे ते माणसाच्या मनाकडे.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. हॅम्लेट भुतावर पटकन विश्वास ठेवत नाही. भूत सांगतं, मला माझ्या भावाने मारलं, तू सूड घे. हॅम्लेट हादरतो, पण तलवार घेऊन धावत सुटत नाही. त्याला शंका येते, हे खरंच माझे वडील की मला फसवायला आलेलं दुसरंच काही? मग तो पुरावा शोधतो. नटांना बोलावून काकासमोर तसाच खुनाचा प्रसंग करून दाखवायला लावतो आणि काकाचा चेहरा निरखतो. भुताच्या शब्दावर विसंबून कुणाचा जीव घ्यायचा नाही, आधी पडताळा घ्यायचा. अंधश्रद्धेच्या विरोधात याहून चांगला धडा कोणता?

आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. भुताची भीती घालून माणसाला लुबाडणारा आपलं नाटक लपवतो. रंगमंचावरचा नट आधी तिकीट देतो, पडदा उघडतो, ‘हे नाटक आहे’ असं सांगूनच भूत दाखवतो. हा फरक नववीतल्या मुलांना चटकन कळतो. त्या वडिलांनाही कळला. ते म्हणाले, “ठीक आहे बाई, पण संवाद नीट निवडा.”

फळ्यावर एक तक्ता काढा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी फळ्यावर तीन रकाने आखते. नाटक, भूत कुणाला दिसतं, कुणाला दिसत नाही. मुलांना गोष्ट थोडक्यात सांगायची आणि रकाने त्यांनाच भरू द्यायचे.

‘हॅम्लेट’मध्ये राजाचं भूत आधी पहारेकऱ्यांना दिसतं. मग हॅम्लेटचा मित्र होरेशिओ येतो. तो शिकलेला, शंका घेणारा. त्यालाही दिसतं. म्हणजे हे एकट्याच्या मनाचे खेळ नाहीत, साक्षीदार आहेत. पण बोलतं मात्र ते फक्त हॅम्लेटशी. आणि पुढे आईच्या दालनात तेच भूत पुन्हा येतं, तेव्हा हॅम्लेटला दिसतं आणि आईला दिसत नाही. समोर मुलगा हवेशी बोलतोय असं तिला वाटतं.

‘ज्युलिअस सीझर’मध्ये रात्रीच्या छावणीत सीझरचं भूत एकट्या ब्रूटसला दिसतं. तंबूतले बाकीचे झोपलेले. भूत गेल्यावर ब्रूटस सगळ्यांना उठवून विचारतो, तुम्ही काही पाहिलं का? कुणी काही पाहिलेलं नसतं.

‘मॅकबेथ’मध्ये राजा झालेला मॅकबेथ मोठी मेजवानी देतो. आपला मित्र बँको याला त्याने त्याच संध्याकाळी मारेकऱ्यांकडून मारवलं आहे. बँकोचं भूत भर पंगतीत येऊन बसतं. पाहुण्यांनी भरलेल्या त्या दालनात ते एकट्या मॅकबेथला दिसतं. आणि ते एक शब्दही बोलत नाही.

तक्ता भरून झाला की वर्गात थोडी शांतता होते. मग कुणीतरी म्हणतंच, “बाई, ज्याने मारलं त्यालाच दिसतंय.” लगेच दुसरा हात वर येतो, “पण हॅम्लेटने कुठे मारलं? त्याला का दिसतं?” इथे थांबा. घाई करू नका. मुलं बोलू देत. आमच्या वर्गात बरीच चर्चा होऊन मुलांनी स्वतःच एक वाक्य तयार केलं, ज्याच्याकडे काहीतरी देणं बाकी आहे त्याला दिसतं. मॅकबेथ आणि ब्रूटसकडे हिशेब बाकी आहे, हॅम्लेटकडे कर्तव्य बाकी आहे. या वाक्यात मी एका शब्दाचीही दुरुस्ती केली नाही.

खुर्ची रिकामी ठेवायची की भरायची?

आता नाटक बसवायला घेतलं की खरी अडचण येते. बँको फक्त मॅकबेथला दिसतो. मग प्रेक्षकांना दाखवायचा की नाही?

ही अडचण आजची नाही. १६२३ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात रंगसूचना स्पष्ट आहे, बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. १६११ साली लंडनच्या ग्लोब थिएटरात सायमन फोर्मन नावाच्या एका प्रेक्षकाने हे नाटक पाहून टिपण लिहून ठेवलं. त्यातही भूत मॅकबेथच्या मागच्या खुर्चीत येऊन बसल्याचं लिहिलं आहे. म्हणजे तेव्हा नट प्रत्यक्ष येत होता. पुढे १७९४ साली ड्रुरी लेन थिएटरात जॉन फिलिप केंबल या नटाने उलटा निर्णय घेतला. भूत आणलंच नाही. तो रिकाम्या आसनाकडे बघून घाबरला.

आपल्या नाशिककरांना हा प्रवेश परका वाटायचं कारण नाही. तात्यासाहेब शिरवाडकरांनी, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं. १९५४ साली ते रंगमंचावर आलं आणि दुर्गा खोटे यांनी त्यात काम केलं होतं. पुढे तात्यांनी ‘ऑथेल्लो’ही मराठीत आणलं. तात्यांचं नाव आपण २७ फेब्रुवारीला फलकावर लिहितो, कविता म्हणतो. कधीतरी त्यांची ही नाटकंही मुलांच्या हातात द्यायला हवीत.

तर आम्ही काय केलं? वर्गातली बाकं बाजूला सारली, मधे पंगत मांडली आणि तोच प्रवेश दोन प्रकारे करून पाहिला. पहिल्यांदा खुर्ची रिकामी. दुसऱ्यांदा खुर्चीत बँको. दर वेळी अर्धा वर्ग प्रेक्षक. नंतर प्रेक्षकांना एकच प्रश्न विचारला, तुम्ही कुणाच्या बाजूने बघत होता?

एका मुलीचं उत्तर मी जसंच्या तसं वहीत उतरवून ठेवलं आहे. “खुर्ची रिकामी होती तेव्हा मॅकबेथ वेडा वाटला. बँको बसला तेव्हा बाकीचे सगळे आंधळे वाटले.”

बघा, सगळं आलं यात. खुर्ची रिकामी ठेवली की आपण पाहुण्यांमध्ये बसतो. राजाला काय झालं, असा प्रश्न आपल्याला पडतो. खुर्ची भरली की आपण मॅकबेथच्या डोक्यात जाऊन बसतो. खुनाची बातमी आपल्याला आणि त्यालाच ठाऊक असते, त्या गुन्ह्यात आपणही थोडे सामील होतो. दोन्ही बरोबर आहेत. पण दोन्हींचा अर्थ एक नाही. दिग्दर्शकाने घेतलेला खुर्चीचा निर्णय हाच त्याने लावलेला नाटकाचा अर्थ असतो. मुलांना ‘आस्वाद’, ‘रसग्रहण’ असे शब्द सांगून जे कळत नाही, ते एका खुर्चीने कळतं.

राणीचं काम करणारी मुलगी मात्र अडली. “बाई, मला भूत दिसत नाही हे ठीक आहे. पण त्याला काय दिसतंय ते मला कळतंय का?” फार मोलाचा प्रश्न. आधीच्या राजाच्या खुनात राणी पूर्ण सामील आहे, पण बँकोच्या खुनाचं मॅकबेथने तिला आधी सांगितलेलं नाही. म्हणजे तिला काहीतरी कळतंय, पण सगळं नाही. ती पाहुण्यांना सांगते की यांना असं लहानपणापासून होतं, लक्ष देऊ नका. मी त्या मुलीला म्हटलं, पाहुण्यांकडे बघून हस आणि हात मात्र नवऱ्याच्या दंडाला घट्ट धर. बाकीचं तिने स्वतः शोधलं.

पांढरी चादर नको

मुलांचा पहिला आग्रह ठरलेला असतो. पांढरी चादर, चेहऱ्याला पावडर, मालिकेतलं ते ढँऽऽण संगीत आणि लाल दिवा. मी एवढंच विचारते, चादरीखाली कोण आहे हे मॅकबेथला कसं कळणार? चादर पांघरली की माणूस नुसतं ‘भूत’ होतो, तो बँको राहत नाही. मॅकबेथची पाचावर धारण बसते, कारण समोर त्याचा मित्र बसलेला आहे. शेजारी लढलेला, त्याच्याच निमंत्रणावरून जेवायला यायचं कबूल केलेला. आमचा बँको शेवटी प्रवासाचे कपडे घालून आला, कपाळावर जखमेची एक रेघ आणि हातात काही नाही. तो चालत आला, बसला आणि मॅकबेथकडे बघत राहिला. बस्स. प्रेक्षागृहात मागच्या रांगेतली पहिली-दुसरीची पोरंसुद्धा गप्प झाली.

ज्यांच्या घरून विरोध होता, त्या मुलाला मी पंगतीतला सरदार केलं. पालकांचं मन राखायला हरकत काय? त्याला भूत न दिसण्याचा अभिनय करायचा होता आणि तो सगळ्यात अवघड निघाला. समोरून बँको चालत जातोय आणि नजर एवढीशीही हलू द्यायची नाही! त्याने घरी आजींसमोर सराव केला. आजी संमेलनाला पहिल्या रांगेत होत्या.

विज्ञानाच्या तासाला : काचेचं भूत

विज्ञानाच्या शिक्षकांनाही यात घ्या. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२ च्या डिसेंबरात जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर पारदर्शक भूत दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. रंगमंचावर एक मोठी स्वच्छ काच तिरकी उभी केलेली असे आणि खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी, एक नट झगझगीत प्रकाशात उभा असे. त्याची प्रतिमा काचेत पडे आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या नटाच्या शेजारी भूत तरंगतंय असं प्रेक्षकांना वाटे. दिवा विझवला की भूत गायब.

हा प्रयोग वर्गात सोपा आहे. फोटोफ्रेमची एक काच घ्या, कडांना चिकटपट्टी लावा. काच टेबलावर उभी धरा. पुढच्या बाजूला मेणबत्ती ठेवा आणि पलीकडे, तेवढ्याच अंतरावर, पाण्याने भरलेला पेला. खोलीत अंधार करून मेणबत्ती शिक्षकांनीच पेटवायची. मेणबत्तीसमोर एक वही आडवी धरा, म्हणजे मुलांना खरी ज्योत दिसणार नाही. काचेतून पाहिलं तर मेणबत्ती पेल्यातल्या पाण्यात जळताना दिसते. प्रतिमा काचेच्या मागे वस्तूइतक्याच अंतरावर का दिसते, हे पुस्तकात वाचलेलं असतंच. इथे डोळ्यांनी दिसतं. पुस्तकातला शब्दही किती छान आहे, आभासी प्रतिमा. ‘मला दिसलं’ म्हणजे ‘तिथे होतं’ असं नाही, हे पटवायला याहून मोठं भाषण लागत नाही.

पंचवटीतली उलटी गोष्ट

आता आपल्या गावाकडे या. भवभूती हा आठव्या शतकातला संस्कृत नाटककार, मूळ घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा तिसरा अंक घडतो पंचवटीत, गोदावरीच्या परिसरात. परंपरेने आपण जिला पंचवटी मानतो तीच ही. या अंकाचं नावच ‘छाया’ आहे.

प्रसंग असा. सीतेच्या त्यागाला बारा वर्षं झाली आहेत. ती जिवंत नाही असं रामाने मनाशी धरलं आहे. काही कामाने तो पुन्हा पंचवटीत येतो. एकेक जागा ओळखीची, इथे बसलो होतो, इथे ती मोरांना नाचवायची. राम कोसळतो. आणि सीता तिथेच उभी असते. खरी, जिवंत. पण गंगेच्या वरामुळे ती कुणालाही दिसत नाही, रामालाही नाही आणि वनदेवता वासंतीलाही नाही. फक्त तमसा नदी तिच्या सोबत आहे. बेशुद्ध रामाला सीता स्पर्श करते. तो भानावर येतो, स्पर्श ओळखतो, पण डोळ्यांना कुणी दिसत नाही. शेवटी हा आपल्याच मनाचा भास, अशी स्वतःची समजूत घालतो.

हे नाटक शेवटी सुखान्त होतं, पण हा अंक मॅकबेथच्या मेजवानीशेजारी ठेवून पाहा. तिथे मेलेला माणूस एकालाच दिसतो. इथे जिवंत माणूस कुणालाच दिसत नाही. तिथे मारणाऱ्याला नको असताना दिसतं. इथे टाकणाऱ्याला हवं असूनही दिसत नाही. शिक्षा दोन्हीकडे आहे. आणि दोन्हीकडे प्रेक्षकाला मात्र सगळं दिसतं.

रंगमंचावर करायला हा प्रवेश बिनखर्चाचा आहे. ना काच, ना दिवे. सीता झालेली मुलगी सरळ समोर उभी राहते आणि बाकीचे तिच्या आरपार बघतात. आमच्या सरदाराने न बघण्याचं जे कसब मिळवलं होतं, ते इथे रामाला लागतं. फरक इतकाच की त्याला न बघताही शोधायचं असतं. मुलांना सहलीला पंचवटीत नेतो तेव्हा आपण सीतागुंफा दाखवतो, काळाराम मंदिर दाखवतो. जमलं तर घाटावर दहा मिनिटं बसून हा प्रसंग सांगा.

जे सांगायचं राहून गेलं

मेलेला माणूस रंगमंचावर परत का येतो? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकांतही तो येतो आणि बहुतेक वेळा त्याला काहीतरी सांगायचं असतं. हॅम्लेटचे वडील झोपेत मारले गेले. कानात विष ओतलं गेलं. अंतिम धर्मविधी नाही, निरोप नाही, चुकांची कबुली द्यायला वेळ नाही. भुताची तक्रार खुनाइतकीच या अपुरेपणाची आहे.

शेक्सपिअरच्या काळच्या इंग्लंडात धर्मसुधारणेनंतर असा अडकलेला आत्मा असतो की नाही, याचा मोठा वाद होता. आपल्या मुलांना मात्र हा भाग समजावून सांगावा लागत नाही. रामकुंडावर रोज कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन येतात. दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणारी माणसं मुलांनी पाहिलेली असतात. कावळा शिवत नाही, मग घरचे आठवत बसतात, काय राहिलं असेल? कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने म्हणतं, “धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही बघू.” कावळ्याला काय कळतं, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर वर्गात मोकळेपणाने बोलावं. पण चार माणसांसमोर दिलेला तो शब्द जिवंत माणसांना बांधून ठेवतो, हे खरं. शोकांतिकेतलं भूत हेच काम करतं. राहिलेलं काम कुणाचं, हे ते बोट दाखवून सांगतं.

इथे एक अनुभव सांगते. त्या मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या वर्गात एक मुलगा होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. दवाखान्यातून फोन आला, घरच्यांना बघायलाही मिळालं नाही. ‘हॅम्लेट’चा तास संपल्यावर तो टेबलापाशी येऊन म्हणाला, “बाई, ते भूत नशीबवान आहे. त्याला सांगता तरी आलं.”

मी त्याला काही समजावलं नाही. समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याच्या शेजारी बसले. त्या आठवड्यात सगळ्या वर्गाला एक लेखन दिलं, रंगमंचावर एक माणूस येतो, तो सगळ्यांना दिसत नाही. तो कोण, कुणाला दिसतो, काय बोलतो? एका पानात प्रवेश लिहा. ज्यांना नको त्यांनी बँकोवर लिहा. ही पळवाट मुद्दाम ठेवली होती. कुणालाही जखम उघडायला भाग पाडायचं नाही.

त्याने लिहिलेल्या प्रवेशात वडील हातात हेल्मेट घेऊन येतात. स्कूटरचा विमा भरला का विचारतात. गच्चीवरच्या टाकीचा कॉक गळतो तो बघ म्हणतात. मुलगा हो हो म्हणतो. एवढंच. रडणं नाही, सूड नाही. पण कंसात एक रंगसूचना होती. ‘आईला ते दिसत नाहीत. पण ती चहा तीन कपांत ओतते.’

मी ती वही बराच वेळ मिटली नाही. कुणाला दिसतं, कुणाला दिसत नाही हा तक्ता मी फळ्यावर काढला होता. त्याने त्यात चौथा रकाना घातला होता, दिसत नाही तरी ज्याला माहीत आहे त्याचा. वर्गात ते मी वाचून दाखवलं नाही. नाटकही केलं नाही. त्यानेच ते आईला वाचायला दिलं. त्यानंतर त्या मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “आम्ही दोघं पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बोललो, रात्री उशिरापर्यंत.”

म्हणून सांगते, भुताचा प्रवेश शाळेतून हद्दपार करू नका. घरात गेलेल्या माणसाचा विषय निघाला की आपण मुलांना ‘जा, खेळायला जा’ म्हणतो. मग ती कुठे बोलणार? नाटक त्यांना एक जागा देतं. तिथे गेलेल्या माणसाला यायची मुभा असते आणि पडदा पडला की परत जायचीही.

वर्गात घ्यायचं असेल तर

चार तासिकांत हे बसतं. पहिल्या तासाला तीन गोष्टी सांगा आणि तक्ता भरून घ्या. दुसऱ्या तासाला मेजवानीचा प्रवेश, खुर्ची रिकामी आणि भरलेली. तिसऱ्या तासाला काचेचा प्रयोग, विज्ञानाच्या शिक्षकांसोबत. चौथ्याला एक पान लेखन.

काही पथ्यं पाळा. अलीकडे ज्याच्या घरी दुःख झालं आहे, त्या मुलाशी आणि पालकांशी आधी बोला. भुताच्या भूमिकेची सक्ती कुणावर नको. कोणी भुताचे ‘खरे’ किस्से सांगू लागलं तर हसून उडवू नका, तक्त्याचाच प्रश्न विचारा. कुणाला दिसलं? आणखी कुणी पाहिलं? नंतर कुणी तपासलं? ब्रूटसनेही झोपलेल्यांना उठवून विचारलं होतं, हॅम्लेटनेही पडताळा घेतला होता. आणि मुलांनी लिहिलेल्या पानांना गुण देऊ नका. मी त्या पानांवर फक्त तारीख टाकते आणि वही परत देते.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणाली की मला भुताचं काम मिळालंय, तर लगेच नको म्हणू नका. आधी विचारा, “कुणाचं भूत? आणि ते कुणाला दिसतं?” मग शांतपणे ऐका. पुढचं ती स्वतः सांगेल.